एकशे एकाहत्तरावं पॅनल

ज्योतीराम घोडके यांचा हात कंपनीत प्रसिद्ध होता. चाकणमधल्या त्या कारखान्यात मोटारींच्या दरवाजांचे बाहेरचे पत्रे दाबून काढले जात. प्रेसमधून निघालेला प्रत्येक पत्रा, म्हणजे पॅनल, पुढं जाण्याआधी तपासावा लागे. डायवर, म्हणजे प्रेसच्या साच्यावर, धुळीचा एखादा कण राहिला तरी पत्र्यावर बारीक उंचवटा किंवा खळगा येतो. कोऱ्या पत्र्यावर तो सहसा दिसत नाही, पण रंग लागला की शोरूमच्या दिव्याखाली गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तोच दिसतो. ज्योतीराम सुती हातमोजा घालून पॅनलवरून तळवा फिरवायचे आणि जिथं काही लागेल तिथं खडूनं गोल करायचे. केज तालुक्यातून येऊन त्यांना एकवीस वर्षं झाली होती. त्यातली सतरा याच टेबलावर गेली होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं परीक्षा घेतली तेव्हा वीसपैकी एकोणीस दोष त्यांनी डोळे मिटून सांगितले होते.

दीपमाला खरात ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. तिचा विषय होता पट्ट्यांचा उजेड. प्रोजेक्टरनं वस्तूवर काळे-पांढरे बारीक पट्टे टाकायचे. पृष्ठभाग सपाट असला की ते सरळ पडतात, आणि खळगा किंवा उंचवटा असला की तिथं वाकतात. बाजूला लावलेले दोन कॅमेरे ते वाकणं टिपतात आणि त्यावरून कॉम्प्युटर उंची-खोली काढतो. केसाच्या जाडीच्या निम्म्यानं फरक असला तरी तो कळतो. तळवड्यातल्या एका छोट्या युनिटनं असं यंत्र बनवलं होतं आणि चाचणीसाठी तिला दिलं होतं. चाकणच्या कारखान्यानं पॅनल द्यायचं कबूल केलं. एकूण दोनशे चाळीस पॅनल. आधी ज्योतीराम हातानं तपासणार, मग यंत्र तपासणार, आणि शेवटी मोजमाप विभाग सुईनं एकेक जागा मोजून खरं काय ते सांगणार.

क्वालिटी विभागाचे प्रमुख कुलदीप मांडेकर यांना या चाचणीत रस होता. ते तिथल्याच गावचे. कंपनीच्या दुसऱ्या गेटचा रस्ता त्यांच्या आजोबांच्या शेतातून गेलेला. अशी तीन यंत्रं विकत घ्यावीत असा प्रस्ताव त्यांनी मुख्य कार्यालयाला पाठवला होता.

"माणूस रिटायर होतो, मॅडम," ते दीपमालाला म्हणाले. "हात त्याच्याबरोबर जातो. मला कंपनीत राहील असं काहीतरी पाहिजे."

चाचणीची एक अट होती. पॅनल कोरडं हवं. तेलाचा फडका मारलेल्या पत्र्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला पट्टे नीट दिसत नाहीत. दीपमालानं हे सांगितलं तेव्हा ज्योतीरामांनी हातातला फडका खाली ठेवला.

"तेल बिलकुलच न्हाई?"

"नाही काका. तुम्हाला काही अडचण?"

"अडचण कसली," ते म्हणाले. "लावा तुमी."

लाइनच्या शेजारच्या खोलीच्या काचांना काळा कागद लावला आणि काम सुरू झालं. ते नऊ दिवस चाललं. मोजमाप विभागाचे आकडे आले तेव्हा दोनशे चाळीस पॅनलवर मिळून अठ्ठावन्न खरे दोष निघाले. यंत्रानं पंचावन्न पकडले होते. ज्योतीरामांनी सत्तावीस.

कुलदीप यांनी कागद दोनदा वाचला. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांचं काम सोपं झालं होतं. "सोमवारपर्यंत रिपोर्ट द्या," त्यांनी सांगितलं. "मंगळवारी मीटिंग आहे."

दीपमाला शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रिपोर्टसाठी चित्रं काढत बसली. यंत्र प्रत्येक पॅनलचा रंगीत नकाशा देई, आणि जिथं पट्टे दिसलेच नाहीत ती जागा कोरी सोडी. अशा कोऱ्या जागा मोजून त्यांचं कारण लिहायचं होतं. बहुतेक ठिकाणी वंगणाचा थेंब किंवा चिकटपट्टीचा तुकडा होता. एकशे एकाहत्तराव्या पॅनलवर खालच्या कडेपाशी वाटाण्याएवढी कोरी जागा दिसली. एकशे बहात्तरवरही तिथंच. त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तरवरही होती, फक्त थोडी मोठी. पंचाहत्तरवर काही नव्हतं.

तिनं पट्टे नसलेले साधे फोटो उघडले. त्या जागी तपकिरी डाग होते, आणि एकशे चौऱ्याहत्तरवरच्या डागात बोटाच्या टोकाचा आकार ओळखू येत होता. ते रक्त होतं. पॅनल उचलताना बोटं जिथं धरतात, तिथंच ते लागलं होतं. एका पॅनलला साडेतीन-चार मिनिटं लागत. म्हणजे पत्र्याच्या धारेनं मोजा कापून बोट कापलं, आणि जवळजवळ पाव तास त्या माणसाला ते समजलं नाही. केसापेक्षा बारीक उंचवटा ज्याच्या बोटांना लागतो, त्या माणसाला.

शनिवारी ती चाकणला गेली. चहाच्या सुट्टीत तिनं ज्योतीरामांना काळे कागद लावलेल्या खोलीत बोलावलं.

"काका, गेल्या गुरुवारी तुमचं बोट कापलं होतं का?"

"कामून इचारता?"

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चारही फोटो बघितले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"जेवायला मोजा काढला तवा. पार लाल झाला व्हता." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "हे अजून कुणी बघितलंय का?"

"नाही."

ते स्टुलावर बसले. एकदा सुरुवात केल्यावर ते थांबले नाहीत. संक्रांतीपासून बोटांना असं वाटत होतं की मोज्याच्या आत आणखी एक मोजा घातलाय. आधी वाटलं, मोज्यांचं कापड बदललं असेल. त्यांनी जुने मोजे मागवून बघितले, तरी फरक पडला नाही. मग त्यांनी पॅनलवर तेलाचा फडका मारायला सुरुवात केली. तेल लावलं की वरच्या ट्यूबलाइटच्या रेघा पत्र्यात दिसतात, आणि जिथं रेघ मुरडते तिथं दोष असतो. टेबलावरच्या ट्यूब फार लांब-लांब होत्या, म्हणून त्यांनी स्वतःच बाइंडिंग तारेनं त्या एकेक वीत अंतरावर बांधून घेतल्या आणि टेबल जरा तिरपं केलं. स्टोअरवाल्यानं तेल जास्त जातंय म्हणून दोनदा तक्रार केली. ती त्यांनी ऐकून घेतली.

"म्हणजे तुम्ही हातानं तपासतच नव्हता?"

"हात फिरवायचो की. पण ते लोकासाठी."

"तुम्हाला शुगर आहे?"

"चार वर्षं झाली. गोळी हाय. ध्यानात ऱ्हायली की घेतो."

भोकरदनला दीपमालाची आत्या होती. शुगरनं तिचीही बोटं अशीच बधिर झाली होती, आणि ते लक्षात येईपर्यंत पायाची जखम बरीच पुढं गेली होती.

"काका, बूट काढा."

"पायाला काय झालंय? पाय एकदम ठणठणीत हाय. जरा बी दुखत न्हाई."

"म्हणूनच काढा."

ते आधी नको म्हणाले, मग चिडले, मग दार लावून घ्या म्हणाले. तिनं दार लावलं. उजवा सेफ्टी बूट निघाल्याबरोबर वास आला. पायमोजा तळव्याला चिकटला होता. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती आणि ते बोट काळसर पडलं होतं. बुटाच्या आतल्या पट्टीत पत्र्याची एक वळलेली कपची रुतून बसली होती. किती दिवसांपासून, ते त्यांना सांगता येईना. आपल्या पायाकडे ते जरा वाकून बघत राहिले, अनोळखी माणसाचा पाय बघावा तसे.

दीपमालानं रिक्षा बोलावली. ज्योतीरामांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, फोन केला. त्या मार्केटमध्ये एका आडत्याकडे कांदा निवडायला जात. तिथून त्या थेट दवाखान्यात आल्या, लुगड्याला चिकटलेल्या कांद्याच्या टरफलांसकट. रविवारी सकाळी डॉक्टरांनी ते बोट काढलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता, असं त्यांनी सांगितलं.

कौशल्याबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "सात म्हैने," त्या म्हणाल्या. "एका ताटात जेवतो आमी. ह्या मानसानं मला सांगितलं न्हाई." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी कंपनीत सांगणार का?"

दीपमाला त्यांच्या शेजारी बाकावर बसली. तिच्या हातात रिपोर्ट तयार होता. आहे तसा दिला तर कुलदीप खूश झाले असते, आणि तिचा शोधनिबंधही झाला असता: यंत्रानं कारखान्यातल्या सगळ्यांत चांगल्या हाताला दुपटीनं मागं टाकलं. फोनवर तिच्या मार्गदर्शकांनी मधला रस्ता सुचवला. त्या माणसाचे आकडे वगळ, एक तपासनीस चाचणीतून बाहेर पडला एवढंच लिही, आणि पुढं चल. त्यांच्या मते यात खोटं काही नव्हतं. पण कारण विचारलं जाणार होतं. न विचारता कुणी सोडलं असतं तरी ज्योतीराम महिन्याभरानं त्याच टेबलावर उभे राहिले असते, तोच हातमोजा घालून.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली.

"काका, तुमचे आकडे मी वापरणार नाही. ते तुमच्या हाताचे नाहीत, आजाराचे आहेत. पण का वापरत नाही, ते मला मांडेकर साहेबांना सांगावं लागेल."

"नका सांगू."

"सांगावं लागेल, काका."

"मग इचारायला कामून आलाव?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सोमवारी तिनं कुलदीप यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ज्योतीरामांच्या पायाची चौकशी केली, कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. मग विषयावर आले.

"आकडे चुकीचे आहेत का, मॅडम?"

"आकडे बरोबर आहेत."

"मग?"

"ज्याला बोटांनी काही लागत नाही त्याच्याशी आपण यंत्राची बरोबरी केली. उद्या मुख्य कार्यालयानं दुसऱ्या प्लँटमध्ये पुन्हा चाचणी घेतली तर वेगळं निघेल."

"ते उद्याचं. माझी मीटिंग उद्या हाय," कुलदीप म्हणाले. घाईत त्यांची भाषा गावाकडे सरकायची. "तुमी लिहून देणार न्हाई म्हणजे न्हाई का?"

"नाही."

मीटिंगमध्ये प्रस्ताव पुढं ढकलला गेला आणि त्या वर्षीची तरतूद दुसऱ्या प्लँटकडे गेली. कुलदीप यांनी त्या खोलीची किल्ली परत मागवली. पुढचा सव्वा महिना दीपमालाच्या फोनला त्यांनी उत्तर दिलं नाही. ज्या परिषदेत ती निबंध वाचणार होती तिची तारीख निघून गेली. शेवटी कॉलेजनं पत्र दिल्यावर चाचणी पुन्हा घ्यायची परवानगी मिळाली. या वेळी दुसऱ्या शिफ्टचे तपासनीस अर्जुनराव बसले. तेच दोनशे चाळीस पॅनल, कोरडे. अर्जुनरावांच्या हातानं अठ्ठेचाळीस दोष पकडले. यंत्राचे पंचावन्न होतेच. फरक होता, पण एवढ्यासाठी तीन यंत्रं घ्यावीत असा नव्हता.

ज्योतीराम दीड महिन्यानं कामावर आले. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासणीवरून काढून टूल स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. पगार तोच राहिला. पण नव्या माणसांना त्यांचा हात दाखवायला आता कुणी आणत नव्हतं. दीपमाला समोरून आली तर ते रॅककडे वळायचे आणि तिथं काहीतरी शोधायला लागायचे.

दुसऱ्या चाचणीच्या शेवटच्या दिवशी दीपमाला त्यांच्या जुन्या टेबलापाशी गेली. तिथं आता दुसराच माणूस होता, पण वरच्या ट्यूब तारेनं बांधलेल्या तशाच होत्या. त्या का बांधल्यात हे त्या माणसाला माहीत नव्हतं. तिनं त्याच्याकडून चाचणीतल्या एका पॅनलवर तेल लावून घेतलं आणि ज्योतीरामांनी सांगितलं तसं वाकून बघितलं. पत्र्यात पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या. मध्ये काळी जागा, पुन्हा रेघ. एका ठिकाणी दोन रेघा किंचित एकमेकींकडे सरकल्या होत्या. तिनं बोट ठेवलं. तिच्या बोटाला काही लागलं नाही, पण मोजमाप विभागाच्या यादीत तो दोष होता.

चार वर्षं ती ज्या पट्ट्यांवर काम करत होती ते इथं कॅमेऱ्याशिवाय आणि कॉम्प्युटरशिवाय काम करत होते. एका माणसानं गरजेपोटी ते तारेनं बांधले होते. तिनं टेप काढून अंतरं मोजली, टेबलाचा तिरपेपणा मोजला, आणि स्टोअरच्या खिडकीपाशी गेली.

ज्योतीराम ड्रिल बिट मोजून डबीत टाकत होते. मोजून होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

"काका, तुमच्या ट्यूबची चाचणी घ्यायचीय. तेल लावून. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं."

"परत कागदावर घेणार मला?"

"घेणार. या वेळी नावानिशी. ट्यूबची ही मांडणी तुमची आहे, असं लिहून."

"अन् कमी भरलो तर?"

"तर तेही लिहिणार."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "तेल मला पायजेल तेवढं लागंल."

"पाहिजे तेवढं घ्या."

"स्टोअरवाला आता मीच हाय म्हणा," ते म्हणाले. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच ते तिच्याशी सरळ बोलले.

नुसत्या डोळ्यांनी ज्योतीरामांनी अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न दोष पकडले. अर्जुनरावांना त्याच ट्यूबखाली उभं केलं तर त्यांचे त्रेपन्न आले, त्यांच्या स्वतःच्या हातापेक्षा पाच जास्त. ज्योतीरामांना हे आवडलं नाही.

"दिवे माझे, अन् ह्यो माझ्या म्होरं?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी दोघांचे बावन्न-बावन्न आले. त्यावर त्यांनी वाद थांबवला.

तळवड्याच्या युनिटनं पंधरा दिवसांत एलईडी पट्ट्यांची चौकट बनवली. ट्यूबपेक्षा बारीक आणि जवळजवळ, पण मांडणी तीच. कुलदीप यांनी आधी एका टेबलावर ती लावून बघितली. महिन्याभरानं त्यांनी दीपमालाला स्वतः फोन केला, मधलं काहीच घडलं नाही अशा आवाजात, आणि आणखी पाच चौकटी मागितल्या. पट्ट्यांचं यंत्रही पुढच्या वर्षी आलं, पण एकच, डाय तपासण्यासाठी. चौकटीखाली कसं बघायचं हे नव्या माणसांना शिकवायला ज्योतीरामांना बोलावलं गेलं. दिवसाचा पहिला अर्धा भाग स्टोअर आणि नंतर ट्रेनिंग, असं त्यांचं काम ठरलं. गोळ्यांची वेळ कौशल्याबाईंनी आपल्या हातात घेतली. रोज जेवणानंतर त्या नवऱ्याचे तळपाय बघायच्या, आणि ते कुरकुर करायचे.

दीपमालाच्या पीएचडीची तोंडी परीक्षा ताथवड्याला झाली. ती सर्वांसाठी खुली असते, म्हणून तिनं दोघांना बोलावलं होतं. ज्योतीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. कौशल्याबाई शेजारी होत्या. दीड तास इंग्रजी चाललं होतं. चित्रात आपलं टेबल आलं तेव्हा ज्योतीरामांनी बायकोला कोपरानं खूण केली.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते आणि बारकाईनं वाचून आलेले दिसत होते. सहाव्या प्रकरणावर ते थांबले. गणितानं पॅनलचा तिरपेपणा दहा ते अठरा अंश यांमध्ये कुठलाही चालतो, असं दीपमालानंच दाखवलं होतं. मग सगळ्या चाचण्यांत आणि चौकटीतसुद्धा अकराच अंश का, असं त्यांनी विचारलं.

"सर, ती मांडणी ज्योतीराम घोडके यांची आहे. मी फक्त मोजली," दीपमाला म्हणाली. "ते इथंच बसलेत."

परीक्षकांनी चष्म्यावरून मागं बघितलं आणि मराठीत विचारलं, "अकराच का हो, घोडके?"

ज्योतीराम उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी धरली. उजव्या पायावर फार वेळ तोल राहत नसे.

"अकरा का बारा ते मला ठावं न्हाई, साहेब," ते म्हणाले. "पण त्याच्याहून जास्त तिरपं केलं की मान भरून यायची. आठ तास उभं ऱ्हायचं असतंय."

सभागृहात दोघं-तिघं हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी आपल्या प्रतीच्या समासात काहीतरी लिहिलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि दीपमालाला सांगितलं की हे कारण प्रबंधात नाही, छपाईआधी ते घाला.

चहा झाल्यावर घोडके नवरा-बायको डांगे चौकाकडे निघाले. दीपमाला फाटकापर्यंत सोडायला आली. ज्योतीरामांना उद्या बारा नवीन पोरांची बॅच होती, आणि त्यातली निम्मी तेलाला हात लावायला तयार नसतात, अशी त्यांची तक्रार रिक्षा मिळेपर्यंत चालू होती.